अंबक्का, तुझ्या हातानं काहीच पुसलं नव्हतं

अंबक्का,

तू जाऊन सोळा दिवस झाले आणि तू अजून माझ्या टेबलाशी उभी आहेस. दोन्ही हात पाठीमागं बांधून. लॅपटॉप उघडला की उजव्या खांद्यामागून खळ घातलेल्या पातळाचा वास येतो. "अगं, बस की," म्हणायला मी वळते, तर खुर्चीवर इस्त्रीचे कपडे. परवा मी ते कपडे उचलून पलंगावर ठेवले, तुला बसायला जागा व्हावी म्हणून. सून दारातून बघत होती. तिला म्हटलं, आवरतेय. तिचा विश्वास बसला नाही. मी काही आवरते, हे आमच्या घरात भुतापेक्षा दुर्मीळ आहे.

मला भुताची भीती नाही गं. साठी ओलांडली की निम्मं आपणच तिकडचे. भीती वाटते ती तुझ्या त्या बांधलेल्या हातांची. ते तसे का बांधले गेले, हे एकाच बाईला माहीत होतं आणि ती बावीस वर्षं गप्प बसली.

ती बाई म्हणजे अडतीस वर्षांची मी. तुला ती आठवत असेलच, पण हे वाचणाऱ्यांनी तिला पाहिलेलं नाही, आणि फार काही हुकलं असं नाही. दोन पोरं शाळेत घालून तिनं कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. जावाचं जाडजूड पुस्तक सिटी बसमध्ये छातीशी धरायची, मुखपृष्ठ बाहेर. गळ्यातलं ओळखपत्र भाजी घेतानाही काढायची नाही, जणू भेंडीवाल्याला तिची पदवी बघून तोळाभर जास्त घालायची होती. व्हिजिटिंग कार्डावर 'सिस्टिम ॲनालिस्ट' छापून घेतलं होतं. सासूबाईंनी ते चष्म्याजवळ धरून विचारलं, "ह्यात रक्त तपासतात का लघवी?"

अशा ह्या विदुषीला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात काम मिळालं. मालकांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि कागदावरच्या सगळ्या जुन्या नक्ष्या त्यात भरायच्या होत्या. ग्राफच्या खोलीत तू बसायचीस. चौकटींच्या कागदावर कुंचल्यानं लाल रंग भरत. एक घर म्हणजे एक धागा. पहिल्या दिवशी तू मला वरून खालपर्यंत बघून विचारलंस, "बाई, तुमच्या गळ्यातला फोटो तुमचाच हाय का? लई गरीब दिसताय त्यात."

माझी योजना साधी होती. प्रत्येक नक्षीची एक टेक्स्ट फाईल. चादरीतला एक आडवा धागा म्हणजे फाईलमधली एक ओळ. उभा धागा वर उचलायचा तिथं फुली, नाही तिथं टिंब. तू चार दिवसांत शिकलीस. "आमचा ग्राफच की ह्यो," म्हणालीस, "नुसता रंग उडालेला." एका बोटानं टाईप करायचीस, पण ते बोट कधी चुकायचं नाही. मी दहा बोटांनी चुकायचे.

कारखान्यात एक जुनी विणायची मशीनही होती, तिच्या फायली तिच्या स्वतःच्या, वेगळ्याच. म्हणून मी वाचणाऱ्याचा एक इंटरफेस केला आणि लिहिणाऱ्याचा एक. त्याचा तेव्हा मला इतका अभिमान होता की मी तो तुला दुपारच्या डब्याच्या वेळी समजावून सांगितला. म्हटलं, अक्का, इंटरफेस म्हणजे नुसता शब्द दिलेला असतो. 'पुढची रांग मागितलीस की मी देईन.' टेक्स्ट फाईल वाचणारा क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, तो शब्द त्याच्या रीतीनं पाळणार, मशीनची फाईल वाचणारा त्याच्या. मागणाऱ्यानं विचारायचंच नाही, तू कोण आणि कुठून आणलीस.

तू भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणालीस, "म्हंजे सुनेचं काम. सकाळी चा पायजे म्हटलं की चा. सून कुठल्या गावची, दूध कुठनं आणलं, सासऱ्याला काय करायचंय?"

"तसं नाही हो ते. ह्याला ॲबस्ट्रॅक्शन म्हणतात."

"आमच्यात बी तेच म्हणत असतील मग. आमाला कुणी सांगितलं न्हाय."

पुढं बारा वर्षं मी पोरांना जावा शिकवलं. दर वर्षी इंटरफेसच्या तासाला तुझी ती सून वर्गात आणली. पाच मिनिटांत सगळ्यांना समजायचं आणि पोरं म्हणायची, मॅडम, तुम्ही काय भारी उदाहरण देता. मी लाजल्यासारखं करायचे. ते कुणाचं, हे एकदाही सांगितलं नाही. हे तर लहान पाप. मोठं पुढं आहे.

तुझ्या सासूची नजर तेव्हा गेली होती, पण चाळीस वर्षांच्या नक्ष्या डोक्यात शाबूत होत्या. तू संध्याकाळी घरी जाऊन तिच्या पायाशी बसायचीस, एकेका नक्षीबद्दल विचारायचीस आणि चिठ्ठीवर उतरवून आणायचीस. सकाळी ते नोटपॅडमध्ये फाईलच्या वरच्या भागात टाईप करायचीस, मराठीत, मध्येच तेलुगूत, सगळं इंग्रजी अक्षरांत. ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखं चिन्ह टाकलं की ती ओळ नक्षीची नसते, शेरा असतो, हे तुला मीच शिकवलं. आणि तू काय काय लिहिलंस! हा काठ फक्त लेकीच्या पाठवणीच्या चादरीला. हा मोर कर्नाटकातल्या गिऱ्हाइकाला आवडत नाही, त्यांच्याकडं पिसारा मिटलेला लागतो. ह्या फुलाची उजवीकडची पाकळी एक घर मोठी आहे, चूक समजून नीट करू नका, त्याचं कारण असं असं. एका शेऱ्यात तर निव्वळ एवढंच होतं की आज तुझा लेक सूर्या बारावी पास झाला.

मी ते वाचून हसले होते. "अक्का, मशीनला हे काय करायचंय?"

"मशीनला न्हाय लागत. मला लागतंय की."

तो वाद आपला कधी मिटलाच नाही. तुझं म्हणणं, ओळ म्हणजे ओळ, फाईलमध्ये आहे तर सगळी वाचायची. कुठली कामाची ते तू का ठरवणार? माझं म्हणणं, ज्याचं काम नाही ते मागायचं नाही. मी पुस्तकातले शब्द फेकायचे आणि तू म्हणायचीस, "असंल बाई." तुझ्या त्या 'असंल'मध्ये इतकी जागा असायची की माणूस त्यात रात्रभर चालला तरी भिंत लागू नये.

तू चिठ्ठ्यांचा गठ्ठा दोऱ्यानं बांधून ठेवला होतास. मी म्हटलं, "कशाला हा कचरा? फाईलमध्ये गेलं की कायमचं झालं." तू दोनदा विचारलंस, "कायमचं?" मी दोनदा हो म्हटलं. गठ्ठा तुझ्या बंबात गेला. त्या थंडीत सासूला त्यावर अंघोळीचं पाणी तापवून घातलंस. आणि दोन महिन्यांनी सासू गेली.

आता ती ओळ. माझ्या टेक्स्ट फाईल वाचणाऱ्या क्लासमध्ये एक ओळ होती: सुरुवातीला जाळीचं चिन्ह दिसलं तर सोडून दे, पुढची रांग आण. वाचण्यापुरतं बरोबरच होतं ते. पण नक्षी उघडून कुणी एक फुली बदलली आणि सेव्ह केलं, की लिहिणारा क्लास काय लिहिणार? वाचणाऱ्यानं जेवढं दिलं तेवढंच. त्याला शेरे दिलेच नव्हते. ते हरवले हे त्याला कळायला, ते होते हे तरी माहीत पाहिजे. जुन्या फाईलवर नवी फाईल बसायची, फुल्या-टिंबं जशीच्या तशी, आणि वरचा भाग साफ. मी तपासलं तेव्हा माझ्या तीन ओळींच्या नमुन्यात एकही शेरा नव्हता. मशीनला नको होता ना!

पडद्यावर माझा प्रोग्रॅम फक्त नक्षी दाखवायचा, त्यामुळं कित्येक महिने कुणाला पत्ता लागला नाही. मग एका जुन्या गिऱ्हाइकानं ते एक घर मोठ्या पाकळीचं फूल मागितलं. सासूनं काय सांगितलं होतं ते बघायला तू ती फाईल नोटपॅडमध्ये उघडलीस. मग दुसरी उघडलीस. मग तिसरी.

तू माझ्या टेबलाशी आलीस. चेहरा पिठासारखा. "नंदा," पहिल्यांदाच नुसतं नंदा म्हणालीस, "ही तुझी मशीन माझं लिवलेलं खाती काय?"

मालक तिथंच उभे होते. मुनीम होता, दोन कारागीर होते. आणि ती ओळखपत्रवाली बाई, तिला खरोखर काही माहीत नव्हतं, पण चूक आपली असू शकते हे तिच्या पुस्तकात कुठल्याच पानावर नव्हतं. ती हसून म्हणाली, "मशीन कशी खाईल, अक्का? तुम्हीच सेव्ह करायला विसरला असाल."

"सगळ्या फायलीत?"

"सवय नाही ना तुम्हाला."

मालक हसले. "अंबूबाई, कुंचला बरा व्हता बघा." बाकीचे हसले. तू हसली नाहीस. हात बघितलेस स्वतःचे, दोन्ही, उलटसुलट, आणि पदरात घेतलेस.

इथपर्यंत मूर्खपणा आहे. मूर्खपणा माफ असतो, मी स्वतःला करूनही टाकला असता. पण आठच दिवसांत मला ती ओळ सापडली. घरी, दुपारी, पोरं शाळेत. मी नमुन्याची फाईल घेतली, वर 'नंदा शहाणी' असा शेरा टाकला, प्रोग्रॅमनं उघडून सेव्ह केली. नंदा गेली, शहाणीही गेली. कुकर जळला एवढं आठवतंय.

मग मी उठून तुझ्याकडं आले नाही. मी इंटरफेसमध्ये आणखी एक शब्द घातला: शेरे मागितले की तेही द्यायचे. वाचणाऱ्यानं सांभाळून आणायचे, लिहिणाऱ्यानं आधी ते लिहायचे, मशीनच्या फाईलनं रिकामे हात दाखवायचे. एका सकाळचं काम. नवा प्रोग्रॅम कारखान्यात बसवला आणि सोबतच्या कागदावर लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'.

त्यानंतर काय झालं ते तुला माहीत आहे, पण कशामुळं झालं ते नाही. मालकांनी कॉम्प्युटरवर दुसरा माणूस बसवला. त्यानं शेरे लिहिले आणि ते राहिले. राहणारच, मी नीट करून ठेवलं होतं ना. मालक ग्राफच्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा, ह्याच्या हातनं काय जात न्हाय." माझ्या दुरुस्तीनं तुझ्यावर शिक्का मारला. ते ऐकून मी खाली वाकून फ्लॉपी शोधायला लागले. फ्लॉपी माझ्या हातातच होती.

दोन वर्षांत कागदी ग्राफ बंद झाले आणि ती खोलीही. तुला कॉम्प्युटरवर बसवावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. तू घरी बसून विड्या वळायला लागलीस.

आणि तरी तू माझी मैत्रीण राहिलीस. हे मला अजून उमगत नाही. जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटवर रिक्षा करून यायचीस, पहिल्या मजल्यापासून हाक मारत. माझ्या लेकाच्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त तू नाचलीस. नातीच्या बारशाला कुंची शिवून आणलीस. नात रांगायला लागली ती तुझ्या मागं, माझ्या मागं नाही. फक्त कॉम्प्युटर दिसला की हात मागं. "नको गं बाई, माझा हात लागला की पुसतं." मोबाईल आला तेव्हाही तेच. फोन वाजला की तू तो चिमटीत धरून शेजारच्या पोरीकडं न्यायचीस, जणू जळता निखारा. सगळे हसायचे. तूही. मीही, अक्का, मीही हसायचे.

सांगायचं म्हणून मी किती वेळा तोंड उघडलं! गड्ड्याच्या जत्रेत तू मला हट्टानं आकाशपाळण्यात बसवलंस, आठवतं? दोन म्हाताऱ्या. पाळणा नेमका वर थांबला. मला वाटलं, आता सांगावं, इथून ही उठून जाऊ शकत नाही. मी म्हटलं, "अक्का, ते शेरे..." तू डोळे गच्च मिटून माझा दंड धरला होतास. म्हणालीस, "खाली बघू नको. बोलू बी नको." नखांचे वळ आठवडाभर होते. बरं झालं, असं तेव्हा वाटलं. पळवाटा माणसाला किती चटकन आवडतात.

आणि शेवटी दवाखान्यात. तुझ्या नाकात नळी, बोलताना दम लागत होता. रेणुका, तुझी सून, पाणी आणायला बाहेर गेली होती. तू विचारलंस, "नंदा, माझ्या सासूचं ते फूल. उजवी पाकळी एक घर मोठी. का गं? तू वाचलं व्हतंस न्हवं?"

वाचलं होतं. एकदा, हसत हसत. कारण लिहिलेलं होतं एवढंच आठवत होतं, कारण आठवत नव्हतं. ते माझ्या वाचणाऱ्यानं सोडून दिलं होतं, आणि तुझ्या गठ्ठ्यातली चिठ्ठी बंबात. खरं सांगायची ती शेवटची जागा होती आणि मी पुन्हा तेच केलं. म्हटलं, "वाऱ्याकडं तोंड आहे ना त्या बाजूचं. वाऱ्यानं पाकळी लांबते."

तू माझ्याकडं बघितलंस. "असंल," म्हणालीस.

त्या 'असंल'पाशी मी सोळा दिवस अडकलेय. तुला कळलं होतं का? तेव्हाच, की आधीपासून, पाळण्यात, की त्याच्याही आधी? तू मला कधीच दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. ज्याला उत्तर माहीत असतं तोही विचारत नाही आणि ज्यानं आशा सोडली तोही. मी जुनी सीडी शोधून ती फाईल उघडली. फूल आहे, पाकळी आहे, ते जास्तीचं घर आहे. वर काही नाही. मला आठवतील तसे तुझे शेरे मी टाईप करायला घेतले. सहा-सात झाले आणि माझा हात थांबला. लेकीच्या पाठवणीचा काठ हा तुझा. पण पुढचा तुझा की मी रचलेला, हे मलाच सांगता येईना. आवाज तुझा येत होता, शब्द कुणाचे होते देव जाणे. मी सगळं पुसून टाकलं. खांद्यामागं पातळ सळसळलं.

काल तुझ्या घरी गेले. रेणुकानं चहा टाकला. तुझी नात मेघना, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटरच, माझ्याशी बोलत बसली. म्हणाली, "मावशीआजी, आजी जाताना काय म्हणाली माहितीये? त्या फुलाची पाकळी वाऱ्यामुळं मोठी आहे. मी ते वहीत लिहून ठेवलंय."

मी कप खाली ठेवला. "रेणुका, इकडं ये. मेघना, ते खोड आधी. ते मी अक्काला खोटं सांगितलं होतं."

मग सगळं सांगितलं. रेणुका उभ्यानं ऐकत होती, हातात गाळणी.

"तुमाला कवा कळलं, मावशी?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. "आठ दिवसांत," मी म्हटलं.

"आठ दिवसांत." ती गाळणीकडं बघत राहिली. "आन् अत्तम्मा हितं वीस वर्षं पानं कातरत बसल्या. फोनला हात लावायच्या न्हाईत. आमी हसायचो त्यांना. माझी पोरगी कॉम्प्युटरला जाती म्हटल्यावर मला काय म्हणाल्या ठाव हाय? तिला माझ्या हातचं काय खायला देऊ नको, तिच्या बोटात माझं यील."

मेघना एकदम म्हणाली, "पण तुम्ही उघडून सेव्ह करून, परत उघडून बघितलं नव्हतं? टेस्ट करताना?"

"बघितलं होतं. माझ्या नमुन्यात शेरा नव्हता."

"एवढं तर आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात," ती म्हणाली. रागानं म्हणाली. मला तिच्या रागाचं बरं वाटलं, अक्का. त्या घरात कॉम्प्युटरवर हक्कानं रागावणारं कुणीतरी होतं.

"मग पाकळीचं खरं कारण काय?"

"माहीत नाही. ते आता कुणालाच माहीत नाही."

चहा मला कुणी पुन्हा विचारला नाही. उठावं की बसावं कळेना. तेवढ्यात शेजारची बाई वाटी परत द्यायला दारात आली. रेणुका तिच्याशी तेलुगूत बोलायला लागली. माझ्यापासून लपवायला नव्हे, घरातली भाषाच ती. आणि ग्राफच्या खोलीत तुझ्यासोबत बसून मला तेवढी कळते. ती सांगत होती, आमच्या अत्तम्मांना येत होतं. त्यांच्या हातानं काही पुसलं नव्हतं. पुसलं ते ह्या बाईंनी आणि आळ त्यांच्यावर घातला.

शेजारणीनं मला निरखून बघितलं. "खरं हाय का वो हे?" तिनं मराठीत विचारलं.

"खरं आहे."

"मग मला नीट सांगा की, पयल्यापास्नं," ती म्हणाली आणि वाटी हातात घेऊनच उंबऱ्यावर बसली. गल्लीतून आणखी दोघी थांबल्या, काय झालं गं, म्हणत.

मी पदर सारखा केला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.